दर रविवारी तुंबणारं बाथरूम

बाहेरचा माणूस बोलवायचा नाही, हे रुपरावांनी पहिल्याच रविवारी ठरवून टाकलं. कोराडीच्या वीज केंद्रात ज्यानं बत्तीस वर्षं वाफेच्या पाइपांशी संसार केला, त्यानं घरच्या बाथरूमसाठी प्लंबर बोलवायचा म्हणजे आचाऱ्यानं टपरीवर जेवायला जाण्यासारखं होतं. (आचारी जातातच टपरीवर, पण हे रुपरावांना कोणी सांगितलं नव्हतं.)

झालं होतं इतकंच, की बाथरूमच्या जाळीतलं पाणी खाली जायचं सोडून वर येत होतं, आणि पलीकडे संडासातही त्याची पातळी चढत होती.

"लाइन ट्रिप झाली," रुपराव म्हणाले. केंद्रात जे बंद पडे त्याला ते ट्रिप म्हणत. निवृत्तीनंतर घरातला मिक्सर, मोबाइल आणि एकदा तर लग्नाच्या पंगतीत झोपलेला मेहुणासुद्धा ट्रिप झाला होता.

"ट्रिप नाई, तुंबली," सिंधूताई म्हणाल्या. "महिन्याभरानं भूमिका येऊन राहिली, चार महिन्यांचं लेकरू घेऊन. त्या लेकराले मी ह्या पाण्यात आंघोळ घालू काय?"

इथं मामला गंभीर झाला. भूमिका म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. तिचं बाळंतपण पुण्यालाच झालं होतं, त्यामुळे रुपरावांनी नात पाहिली होती ती फक्त फोनवर, आणि भूमिकाचा हात हलत असल्यामुळे तिथंही मुख्यतः कपाळच.

"लाइन सुधरली तं ते इकडं येतीन," सिंधूताईंनी निकाल दिला. "नाई तं मीच पुण्याले जाईन. तुमी बसा इथं पाइपापाशी."

रुपरावांनी लॉगबुक उघडलं. निवृत्त होताना लोक घरी घड्याळ आणतात, शाल आणतात. रुपरावांनी दर तासाला नोंद करायची सवय आणली होती. त्यांनी लिहिलं : 'रविवार. ८.०० : कूलर धुतला, नॉर्मल. ९.१० : बाथरूम ट्रिप. कारण :' आणि पेन थांबलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सावजी मटणाचा वास आला. रुपरावांनी पुढे ठामपणे लिहिलं : 'मटणाचं तेल.'

बुधवारपर्यंत पाणी हळूहळू ओसरलं. पुढच्या रविवारी मटण बंद. मुगाचं वरण खाऊन घर गप्प बसलं, तरी बाथरूम तुंबलंच. लॉगबुकात नोंद झाली : '८.०० : कूलर धुतला, नॉर्मल. ९.१५ : ट्रिप. कारण : मागच्या मटणाचा शिल्लक परिणाम.' तिसऱ्या रविवारीही वरण, आणि तिसऱ्या रविवारीही तेच.

मग त्यांनी सेप्टिक टँक उपसायला टँकर बोलावला. (तो बाहेरचा माणूस नव्हे, ती मशिनरी.) टँकरवाल्यानं झाकण उघडून आत पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, टाकी तं अर्धी बी नाई भरली. पाणी इथवर पोचूनच नाई राहिलं."

कोणताही शहाणा माणूस यावरून समजला असता, की अडलंय ते घर आणि टाकी यांच्या मधे. रुपराव इतकंच समजले, की टँकरवाला या धंद्यात नवा आहे. त्यांनी उकळतं पाणी ओतलं, सोडा टाकला, शेवटी बांबूची चार हात कमची जाळीतून आत घातली. दोन हात बाहेर आली.

चौथा रविवार उजाडला आणि बाथरूम पुन्हा भरलं. भूमिका शुक्रवारी निघणार होती. सिंधूताईंनी तिला फोन लावला आणि रुपरावांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "तू नको येऊ वं. माह्यं एकटीचं तिकीट पाह्य."

 नातीचं ते लहानसं कपाळ रुपरावांच्या डोळ्यांसमोर आलं, आणि बत्तीस वर्षांचा ताठा एका क्षणात उतरला. त्यांनी लेकीचं तिकीट रद्द करण्याआधी एक दिवसाची मुदत मागून घेतली आणि स्वतःच्या हातानं देवाजी प्लंबरला फोन केला.

देवाजी दुपारी आले. बाथरूमकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"टाकीच्या आधीचं चेंबर कुठं हाये?"

"खिडकीबाहेर. कूलरखाली," रुपराव म्हणाले.

"सरकवा मंग कूलर."

"एप्रिलात? ह्या उन्हात कूलर बंद करा म्हंता तुमी?"

सिंधूताईंनी प्लग काढला. तिघांनी मिळून तो लोखंडी डोलारा बाजूला केला. देवाजींनी झाकण उचललं, सळईचा आकडा आत घातला आणि जोर लावून ओढला. बाहेर आला तो मांजराएवढा तपकिरी गोळा. कूलरच्या जाळ्यांत भरतात ते लाकडाचं गवत, वर क्षारांच्या गाळाचं लिंपण, आणि आरपार रुतलेली बांबूची उरलेली दोन हात कमची, सुखरूप.

"साहेब, ह्या झाकणाले भोक कोणं पाडलं?"

"असंन कोणी," रुपराव म्हणाले.

त्यांनीच पाडलं होतं, मार्चमध्ये. दर रविवारी कूलर धुतला की बादल्या वाहाव्या लागत, म्हणून ड्रिलनं थेट चेंबरमध्ये वाट काढून दिली होती. त्या कल्पनेचं त्यांनी आठवडाभर स्वतःच कौतुक केलं होतं.

सिंधूताई आत गेल्या, चष्मा लावून लॉगबुक घेऊन आल्या आणि देवाजींसमोर चारही रविवार मोठ्यानं वाचले. आठ वाजता कूलर धुतला, नॉर्मल. नऊनंतर ट्रिप. आठ वाजता कूलर धुतला, नॉर्मल. नऊनंतर ट्रिप.

"रोग वरच्या ओळीत लिहून राहिले आन औषध खालच्या ओळीले देऊन राहिले," त्या म्हणाल्या. "माह्ये दोन रविवार वरणात गेले जी."

रुपराव सिमेंट कालवायला बसले.

देवाजींनी भोक सिमेंटनं बुजवलं आणि गेले. मग रुपरावांनी जाळीत एकामागून एक अकरा बादल्या ओतल्या. प्रत्येक वेळी पाणी गडगडत खाली गेलं, आणि प्रत्येक वेळी ते लहान मुलासारखे हसले. सिंधूताईंनी लॉगबुक मात्र जप्त करून स्वतःच्या ताब्यात ठेवलं.

शनिवारी सकाळी भूमिका आली. रुपरावांनी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. नात मांडीवर आली, तिनं त्यांचं बोट घट्ट धरलं, आणि पहिल्यांदाच त्यांना कपाळाखालचा सगळा चेहरा दिसला. लाइन, चेंबर, मटण यांवर सांगायचं बरंच ठरवलं होतं, पण डोळेच भरून आले.

थोड्या वेळानं सिंधूताईंनी लॉगबुक उघडलं आणि नीट अक्षरात नोंद केली :

'शनिवार. ११.०० : नात आजोबांच्या मांडीवर. नॉर्मल. ११.१० : नातीचा प्रवाह सुरू, कुठेही अडथळा नाही. आजोबांचा शर्ट बदलला.'