सोपी पद्धत आणि सासूबाईंची मांजर

डीएनए वाचणं म्हणजे फार मोठं दिव्य, असं म्हणणाऱ्यांची मला कीव येते. आमच्या प्रयोगशाळेत त्यासाठी अख्खा दिवस मोडायचा. "मी ते जेवणाच्या सुट्टीआधी आटोपून दाखवतो," असं मी आमच्या मॅडमना छातीठोकपणे सांगितलं. जमलं तर माझी हंगामी नोकरी कायम होणार होती.

लगेच कात्री चालवली. टेबल पुसणं? काल पुसलंय की! तोंडाला मास्क? मग पद्धत समजावून कशी सांगणार? आणि दर वेळी नमुन्यासोबत नुसत्या पाण्याची एक नळी तपासायची, ही तर शुद्ध उधळपट्टी! पाण्यात काय सापडणार? पाणी!

नमुना सासूबाईंच्या मांजरीचा. ती अस्सल परदेशी खानदानातली आहे, हे त्यांना अख्ख्या गल्लीला पटवून द्यायचं होतं. तिच्या गालात आतून कापसाची काडी फिरवताना माझं मनगट ओरबाडून निघालं. विज्ञानासाठी तेही सोसलं. मग प्रयोगशाळेत उघड्या नळीवर ओणवा होऊन मी मॅडमना माझ्या पद्धतीचं माहात्म्य मनसोक्त ऐकवलं.

जेवणाआधी निकाल हजर! मॅडमनी चष्मा पुसून पडद्यावर पाहिलं.

"ही मांजर माणूस आहे."

"काय?"

"पुरुष आहे. थांबा, आपल्या लोकांशी ताडून बघते." नमुन्यात भेसळ झाली तर पकडता यावी, म्हणून आम्हा सगळ्यांचे डीएनए तिथे आधीच नोंदवलेले असतात. "ही मांजर म्हणजे तुम्ही आहात."

"मशीन बिघडलंय, मॅडम!"

"असेल. ती पाण्याची नळी लावा बघू."

लावली. पाणीसुद्धा मीच निघालो!

"पद्धत सोपी झालीय, यात वाद नाही," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "आता नमुनाही लागत नाही."

संध्याकाळी सासूबाई दारातच उभ्या, कडेवर मांजर.

"काय निघालं, जावईबापू?"

"आई, काय सांगू... निकालात मीच निघालो."

त्यांचा चेहरा पडला. मांजरीच्या पाठीवरून हात फिरवत त्या पुटपुटल्या, "अगं बाई! म्हणजे अगदीच साधी निघाली म्हणायची!"

नोकरी कायम झाली नाही. हंगाम तेवढा वाढवून मिळाला. आता काम एकच, रोज सकाळी पाणी तपासायचं. कालच्या पाण्यात मी जरा कमी होतो. मॅडम म्हणाल्या, प्रगती आहे.