तेंडोलकरांचा समुद्र

दाराखालून पाणी आत आलं तेव्हा मी लसूण सोलत होते. वाटलं, वरची टाकी वाहतेय. बोट बुडवून जिभेला लावलं. खारट. आमच्या चंदनसारला टँकरचं पाणी मचूळ असतं, पण इतकं नाही. मी समजले, समोरच्या तेंडोलकरांचा समुद्र फुटला.

त्यांचं दार उघडंच होतं. हॉलभर काच, वाळू, दगड आणि मधोमध नुसत्या बनियनमध्ये गुडघे टेकून बसलेले तेंडोलकर. चहाच्या गाळण्याने ते फरशीवरचा नारिंगी मासा उचलत होते. दुसरा सोफ्याखाली तडफडत होता. खालच्या गावडेबाई तांब्याची कळशी घेऊन धावल्या.

"तांबं नको, विष असतं त्यांना," तेंडोलकर ओरडले.

कोणी स्टीलचं पातेलं आणलं. तेंडोलकरांनी ते हुंगलं. "साबण." पातेलं परत. शेवटी मी माझी चिनी मातीची बरणी आणली. तीही हुंगली.

"मावशी, कसला वास हा?"

"मिठाचा. खारातल्या कैऱ्या असतात तिच्यात. तेल नाही, तिखट नाही. टाका लवकर, नाहीतर मसाला लावते दोघांना."

बाल्कनीत काळ्या कापडाखाली समुद्राच्या पाण्याचे कॅन असायचे. त्यातलं ओतलं, मासे सोडले, हवेची नळी लावली. त्यांच्या घरातली वायर भिजली होती, म्हणून बरणी माझ्या ओट्यावर आली.

तेंडोलकर मालवणकडचे, नोकरी मुंबईत, आता निवृत्त. बायको वारली त्या वर्षी बल्ब आणायला म्हणून बाजारात गेले आणि पिशवीत बांधलेले दोन मासे घेऊन आले. दुकानदार म्हणाला होता, मिठाचं पाकीट न्या, नळाच्या पाण्यात ढवळा. हे नाही म्हणाले. "परक्या घरी आणलंय त्यांना. पाणी तरी माहेरचं नको?"

माहेरचं म्हणजे अर्नाळ्याचं. दर अष्टमीला स्कूटरला कॅन बांधून जायचे. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, समुद्र शांत, पाणी निवळ. अमावास्या-पुनवेला उधाण, सगळा गाळ वर. बिल्डिंगमधल्या बायकांना वाटलं, माणसाने देवीचं व्रत धरलंय. गावडेबाई नारळ द्यायच्या, आमच्याही नावाने वाहा म्हणायच्या. तेंडोलकर मुकाट्याने नारळ वाहायचे आणि पाणी भरून यायचे. गावडेबाईंच्या मुलाचं लग्नही जमलं त्यात.

त्यांच्या घरात शिरताना आपण हात पुढे करायचे. ते हुंगायचे. "अत्तर? पावडर? बाम?" माझ्या गुडघ्यांना बाम लागतो, म्हणून माझी खुर्ची काचेपासून लांब.

पण त्या खुर्चीवर मी तासन् तास बसले आहे. मी होळी गावची, बागायत करणाऱ्या वाडीवाल्यांची. समुद्र हाकेवर, मासे आयुष्यभर चिरले. पण मासा मी नेहमी टोपलीतच पाहिला, डोळा पांढरा झालेला. इथे अंगठ्याएवढा जीव पंख हलवत एका जागी थांबला, वळला आणि त्याने माझ्याकडे बघितलं. मी पदर सावरला. बघायला आलेल्या नवऱ्यापुढेही मी इतकी चपापले नव्हते. एवढ्या मोठ्या पाण्याच्या पोटात हे असं चाललेलं असतं, आणि आम्ही जन्मभर काठावरून नुसत्या लाटा बघत होतो.

"मोठी ती बायको," तेंडोलकर देवळात बोलतात तसं हळू सांगायचे. "धाकटा तो नवरा. सारखा तिच्या मागे. ती गेली तर हाच वाढतो आणि बायको होतो."

"काहीतरीच."

"खरंच, मावशी. ह्या जातीत असंच आहे."

तर ती बरणी. अमावास्या तोंडावर आली होती आणि भरलेले कॅन संपत आले होते. तरी तेंडोलकर अर्नाळ्याला गेले. किनाऱ्यावरच्या कोळणीने परत पाठवलं. "उधान हाय, भाऊ. गढूल पानी नेऊन मारशील त्यांना." रिकामे कॅन घेऊन आले आणि माझ्या ओट्यापाशी बसले. शिल्लक पाणी पेल्यापेल्याने बदलायचं, एवढंच हातात होतं. मोठीचं अंग फरशीवर खरचटलं होतं. ती बरणीच्या तळाला आडवी होत चालली होती. धाकटा तिच्याभोवती फिरत होता.

"काही खाल्लं का हो तिने?"

"नाही."

रोज एवढंच बोलणं.

अष्टमीच्या आधीच ती गेली. तेंडोलकरांनी तिला तळहातावर घेतलं आणि त्यांच्या तुळशीत पुरलं. रडले नाहीत. बरणीत बघून म्हणाले, "आता सगळं ह्यालाच करायचंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं. समोर तेंडोलकर आपल्या उंबऱ्यापाशी उकिडवे बसून रांगोळी काढत होते. बायको गेल्यापासून रोज काढतात, तीच तिची चार पाकळ्यांची. मी रोज बघते आणि दूध घेऊन आत जाते. त्या दिवशी उभी राहिले. मान वाकडी करून त्यांनी खांद्याशी फोन धरला होता, लेकीला सांगत होते, "केसांना तेल लाव गं. आणि शिळी पोळी खाऊ नकोस, सासूला सांग माझं नाव." शब्द त्यांच्या बायकोचे. वर्षानुवर्षं मी ते ह्याच दारातून ऐकले होते. सूरही तोच.

त्यांच्या रांगोळीवर पाय पडू नये म्हणून मी कडेने त्यांच्यापर्यंत गेले आणि बरणीतलं पाणी बदलायला त्यांना हाक मारली.

अष्टमीला समुद्र निवळला. नवीन काच आली. जुनेच दगड, जुनीच वाळू आणि माहेरचं पाणी.

त्या सगळ्यातून धाकटा वाचला. तेंडोलकरही वाचले.