आबांची नाडी

आबा परब देवाला गाऱ्हाणं घालतात ते देवळात नव्हे, घाटी चढताना. तेही मोठ्याने. "बा देवा म्हाराजा, काल खाल्लेलो बांगडो सुखान पचव रे म्हाराजा!" मागून मी "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. एकट्याचं गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही, असं आबांचं ठाम मत.

आबा माझे शेजारी, माझ्याहून सात वर्षांनी मोठे. वहिनी गेल्यापासून रोज सकाळी सातला मला फिरायला हाक मारतात. घाटी चढून वरच्या माळावर, सड्यावर पोचलो की मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी मोजतात आणि जाहीर करतात, "अठ्ठ्याहत्तर! तुझी किती?"

माझी एकशे चाळीस. मी एकशे दहा सांगतो.

खरं सांगतो, मी जळायचो. मी तळलेलं सोडलं, चहातली साखर सोडली आणि हा माणूस बांगडे हाणून अठ्ठ्याहत्तर! त्यात बायको म्हणाली, "जरा आबांकडे बघा." तो बिनसाखरेचा चहा मला आणखीच कडू लागला.

गेल्या सोमवारी ठरवलं, आज आबांची नाडी उडवायचीच. मी पुढे होऊन झपाझप चढू लागलो. आबाही ईर्ष्येने मागे. अर्ध्या घाटीत "बा देवा म्हा..." एवढ्यावर गाऱ्हाणं तुटलं. आबा चिऱ्याच्या पायरीवर बसले, सदरा घामाने चिंब. सांगायला लाज वाटते, पण मला आधी आनंद झाला. जाऊन त्यांचं मनगट धरलं, नाडी मोजली.

ब्याऐंशी!

"नाडी तर झकास आहे! मग बसलात कशाला?" मी चिडून विचारलं.

"ती नाडी माझी न्हय रे, गोळयेची आसा," आबा धापा टाकत म्हणाले. "काळजासाठी घेतंय. ती नाडयेक वर चढूकच देणा नाय. डॉक्टरान सांगल्यान, नाडयेक भुला नको. चढताना बोलूक येता तवसर चल, बोलणा तुटला काय बस."

"म्हणून गाऱ्हाणं?"

"मगे! आदी व्हय म्हणूक तुझी वैनी होती. आता तू आसस."

"आणि मला रोज नाडी ऐकवता ती?"

आबा खाली बघत म्हणाले, "चिडलंस काय दुसऱ्या दिवशी येतंस. नायतर येतलंस कित्याक?"

मी शेजारी बसलो. धाप निवल्यावर आबांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्या माझ्या शेजाऱ्याचा काळीज लय उड्या मारता, तेका सांभाळ रे म्हाराजा!"

मी तोंड उघडलं, पण "व्हय" काही फुटेना.

आबा उठता उठता परत बसले. "तुझा बोलणा तुटला. बस जरा."