अक्रोडाचं मांजर

गुरुवारी सकाळी चष्मेवाल्याने दात घासायला ब्रश हातात घेतला आणि आरशात दिसणारा हात कुणाचा, हे त्याला पटकन उमजेना. बोटं, तळवा, नखांच्या कडा, सगळं गर्द तपकिरी, जवळजवळ काळं. मागे कुणी उभं आहे की काय म्हणून त्याने वळून पाहिलं. मागे टॉवेल होता. म्हणजे हात त्याचाच होता, आणि दुसराही तसाच होता.

"अगं, लवकर ये! मला काहीतरी झालंय!"

बायको दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर बसायची. "मला काहीतरी झालंय" हे तिला रोज सकाळपासून ऐकावं लागे, त्यामुळे ती सावकाश आली. तिने त्याचे हात उलटे केले, सुलटे केले, वास घेतला.

"काल संध्याकाळी कुठे गेला होतात?"

"कुठे नाही."

"भिंतीपलीकडे गेला होतात. अक्रोडाखाली."

चष्मेवाल्याने हात पाठीमागे नेले.

"किती आणलेत?"

"सात."

"अहो, रविवारी करार संपतोय आपला! आणि तुम्ही बाईंच्या झाडाखालचे अक्रोड उचलून आणता?" ती मटकन स्टुलावर बसली. आता तिलाही काहीतरी झालं होतं.

बाई म्हणजे घरमालकीण. शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, पण ते शाळेपुरतंच. पुढच्या घरात त्या एकट्या राहायच्या, मागच्या दोन खोल्यांत हे दोघं, आणि मधे कमरेएवढी भिंत, जिला गेल्याच आठवड्यात पांढराशुभ्र चुना दिला होता. भिंतीपलीकडे अक्रोडाचं जुनं झाड होतं. भाडेकरूने त्याच्या पानाफळाला हात लावायचा नाही, असं करारात स्पष्ट लिहिलेलं होतं. दरवर्षी बाई पडलेले अक्रोड स्वतः वेचायच्या आणि घरात न्यायच्या. पुढे त्यांचं काय व्हायचं, कुणाला ठाऊक नाही. विचारायची कुणाची छाती नव्हती, आणि चष्मेवाल्याची तर अजिबातच नव्हती.

अशा माणसाला चोरीची बुद्धी झाली ती एका गिऱ्हाइकामुळे. वाचायचा चष्मा करायला आलेला एक म्हातारा बागवान बोलता बोलता सांगून गेला की अक्रोडाचं झाड बी लावूनही येतं. बाजारातला वाळलेला अक्रोड नको, झाडाखालचा ताजा हवा. हिरवी साल काढायची, पाण्यात टाकायचा, बुडेल तो चांगला, तरंगेल तो फोल. मग ओल्या वाळूत घालून तीन महिने फ्रिजमध्ये ठेवायचा. त्याला वाटतं थंडी झाली, आणि बाहेर काढला की तो उगवतो. हे ऐकल्यापासून चष्मेवाल्याला दुसरं काही सुचेना. दिवसभर दुसऱ्यांच्या डोळ्यांत बघून त्याचा जन्म गेला होता, आपण लावलेलं काही वाढताना त्याने कधी पाहिलं नव्हतं. वर्षावर्षाच्या करारावर राहणारा माणूस बारा-पंधरा वर्षांनी फळणारं झाड लावायला निघाला होता. हिशेबात बसत नव्हतं, पण मन कुठे कुणाचं ऐकतं?

बुधवारी तिन्हीसांजेला तो भिंतीवरून पलीकडे उतरला. साल तिथेच सोलली. इतक्यात आतून "कोण आहे?" असा आवाज आला. तो परत भिंतीवर चढला, घसरला, पुन्हा चढला आणि घरी येऊन साबणाने हात धुतले. तेव्हा हात स्वच्छ दिसत होते. सालीचा रस लागतो तेव्हा दिसत नाही, वारा लागला की काळा पडत जातो आणि मग आठवडा-आठवडा जात नाही, हे बागवानाने सांगितलं नव्हतं.

बायकोने लिंबू चोळलं, रॉकेल चोळलं, पाय घासायचा दगड चोळला. कातडी लाल झाली, पण काळ्याखाली ते दिसलं नाही. मग हताश होऊन तिने खिडकीबाहेर पाहिलं आणि तिचा हात तोंडावर गेला.

"अहो... भिंत."

पांढऱ्याशुभ्र भिंतीच्या वरच्या कडेला दोन पंजे उमटले होते, काळेकुट्ट. त्यांच्याखाली तो घसरला होता तिथे ओघळासारखा लांब पट्टा. डाव्या पंजाची करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी होती. लहानपणी दारात सापडून वाकडी झालेली तशी करंगळी त्या गल्लीत एकाच माणसाला होती.

तेवढ्यात पलीकडचं दार उघडलं आणि बाई काठी टेकत अंगणात आल्या. भिंतीकडे बघून थबकल्या. दोघं खिडकीआड वाकली.

"हड!" बाई ओरडल्या. "हड म्हणते ना! काय निर्लज्ज मांजर आहे!"

बाईंचा जुना चष्मा निकामी झाला होता. पांढऱ्यावर काळं काहीतरी, खाली शेपटी, एवढंच त्यांना दिसत होतं. त्यांनी काठी आपटली. मांजर हललं नाही. बाई बडबडत आत गेल्या.

"सुटलो," चष्मेवाला म्हणाला.

"सुटलात? त्यांचा नवा चष्मा कुठे आहे?"

चष्मेवाल्याचा चेहरा उतरला. नवा चष्मा त्याच्याच दुकानात, खणात, तयार होता. आज न्यायला येते म्हणाल्या होत्या.

बाई संध्याकाळी दुकानात आल्या. चष्मेवाल्याच्या दोन्ही हातांना बायकोने दवाखान्यातली पट्टी गुंडाळून दिली होती. दुपारपासून गिऱ्हाइकं दारातूनच परत जात होती, कारण दोन्ही हात बांधलेल्या माणसाकडे आपले डोळे कोण देईल? बाईंना पाहताच त्याने कोपराने खण बंद केला.

"चष्मा झाला?"

"काच यायचीये, बाई."

"मंगळवारी तर आली म्हणालात."

"ती डाव्या डोळ्याची. उजव्याची वाटेत आहे."

बाईंनी डोळे बारीक केले. "आणि हातांना काय झालं?"

"उकळतं पाणी सांडलं."

"दोन्ही हातांवर?"

"एकाला वाचवायला दुसरा गेला."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे तर चष्मेवाल्याला भर दुपारचं ऊन पडल्यासारखं वाटत होतं. बाईंनी काठी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाल्या, "रविवारी करार संपतो. वाचल्याशिवाय मी कशावरही सही करत नाही, आणि चष्म्याशिवाय मला वाचता येत नाही. ते दातांचे डॉक्टर दोनदा येऊन गेले खोल्या बघायला. तेव्हा तुमचं तुम्ही बघा."

झालं. इकडे आड, तिकडे विहीर. चष्मा दिला तर बाई भिंत बघणार, नाही दिला तर सही होणार नाही. अशा खोल्या, मागे गॅलरी, दुकान हाकेच्या अंतरावर, पुन्हा मिळायच्या नव्हत्या. शिवाय दुसरी एक गोष्ट त्याला आतून खात होती. वीस वर्षं तो लोकांना नीट दिसावं म्हणून धडपडत आला होता. कुणाला दिसू नये म्हणून आज पहिल्यांदाच खण बंद केला, आणि त्याची त्याला लाज वाटत होती. पण लाजेपेक्षा भीती मोठी होती.

शुक्रवारी दुपारी बाई झोपल्यावर नवराबायकोंनी भिंतीच्या कडेला चुना मारला. डाग गेला. रात्री दोघंही पोटभर जेवली. शनिवारी सकाळी बघतात तर चुन्यातून डाग वर आला होता, आणि भोवतीचा चुना ताजा असल्यामुळे आणखी उठून दिसत होता.

"अहो चष्मेवाले!" पलीकडून हाक आली. "हे मांजर तीन दिवस इथेच आहे. काल दुपारी जरा गेलं होतं, आज परत. आता हलतही नाही. मेलं की काय बघा, नाहीतर वास सुटेल. उचला ते."

"मी?"

"मग काय मी उचलू या वयात?"

बाई खुर्ची टाकून बसल्या. चष्मेवाल्याने गोणपाट आणलं. पट्ट्या बांधलेल्या हातांनी त्याने भिंतीवरून नसलेलं मांजर उचललं. जड आहे असं दिसावं म्हणून जरा कण्हलाही. ते गोणपाटात घातलं, तोंड बांधलं आणि कोपऱ्यापर्यंत वाहून नेलं. खिडकीतून बायको हे बघत होती. हसावं की रडावं ते तिला कळेना, म्हणून तिने पडदा ओढून घेतला.

तो परत आला तेव्हा बाई तिथेच होत्या.

"एक नेलंत. दुसरं राहिलंय."

त्या रात्री चष्मेवाल्याने झोपेत तीनदा "हड" म्हटलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस असतो हे त्याने ऐकलं होतं, पण तो मांजराच्या रूपात येतो हे नवीन होतं.

रविवारी चार वाजता बाई कराराचे कागद घेऊन स्वतः आल्या. पाच वाजता दातांच्या डॉक्टरांना बोलावलं आहे, हे त्यांनी बसायच्या आधीच सांगितलं.

"काच आली?"

चष्मेवाल्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने डोळे मिटले आणि मान हलवली. द्या आणि मोकळे व्हा, असा त्याचा अर्थ होता. त्याने खिशातून चष्मा काढला. बांधलेल्या हातांनी कसाबसा तो बाईंच्या नाकावर चढवला.

"कानाला टोचतोय. काडी नीट करा."

"उद्या करून..."

"आत्ता. आणि ती पट्टी सोडा, पट्टीने स्क्रू फिरतो का कुठे?"

पट्टी सोडण्यावाचून इलाज नव्हता. एक वेढा, दुसरा वेढा, तिसरा. मग त्याची काळी बोटं बाईंच्या कोऱ्या काचांपासून दोन इंचांवर स्क्रू फिरवू लागली. बाईंनी ती बोटं बघितली, वाकडी करंगळी बघितली. मग सावकाश मान वळवून खिडकीबाहेर भिंतीकडे बघितलं. खोलीत फ्रिजची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"म्हणजे काल तुम्ही गोणपाटातून काय नेलंत?"

"काही नाही, बाई."

"कण्हलात कशाला मग?"

चष्मेवाल्याला वाटलं आता जमीन दुभंगावी. "बाई, चुकलो. सात अक्रोड उचलले मी. चष्माही गुरुवारपासून तयार होता. तुम्हाला भिंत दिसू नये म्हणून दिला नाही. खोल्या जातील याची फार भीती वाटली हो."

"खाल्लेत?"

"नाही! लावायला आणले. फ्रिजमध्ये आहेत."

"फ्रिजमध्ये झाड लावतात?" बाई उठल्या. "दाखवा."

त्याने खालचा खण ओढला. काकड्यांच्या शेजारी डब्यात ओली वाळू होती आणि वाळूत पाच अक्रोड. दोन तरंगले म्हणून टाकून दिले होते. त्याने घाबरत घाबरत सगळं सांगितलं: ताजा अक्रोड, पाण्याची परीक्षा, तीन महिन्यांची थंडी, मग खोल कुंडी. सोटमूळ लांब जातं, म्हणून दोन-तीन वर्षं तरी फार हलवायचं नाही.

बाई ऐकत राहिल्या आणि एकाएकी स्टुलावर बसल्या. त्यांचा आवाज कुणी कधी ऐकला नव्हता इतका खाली आला.

"ऊन देत नाही तुम्ही त्यांना?"

"ऊन? नाही बाई, वाळला की तो मेलाच."

"मी अकरा वर्षं महिना-महिना उन्हात वाळवते. मग लावते. एकही उगवला नाही." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला, नवा कोरा असूनही. "आईने लावलेलं झाड आहे. आतून पोकळ झालंय. फांद्या तोडणारा म्हणाला, फार तर चार-पाच वर्षं. म्हणून कुणाला एक अक्रोड देत नव्हते. मला वाटायचं, माझ्याच हाताला यश नाही."

गेले चार दिवस चष्मेवाला ज्या बाईंना घाबरत होता, त्या स्वतःच अकरा वर्षं घाबरलेल्या होत्या. त्याला त्यांची दया आली, आणि दया येताच थोडी भीतीही कमी झाली. बायकोने पाण्याचा पेला पुढे केला. बाई पाणी प्यायल्या आणि पुन्हा मुख्याध्यापिका झाल्या.

"पेन द्या. तीन महिने थंडीत, पुढे कुंडीत किती म्हणालात? म्हणजे तीन वर्षं." त्यांनी करारातला एकचा आकडा खोडून तीन केला, खाली सही केली, आणि दातांच्या डॉक्टरांना येऊ नका म्हणून कळवायलाही सांगितलं. "रोप हलवायचं नाही, म्हणजे तुम्हीही हलायचं नाही. कळलं?"

"हो बाई!" चष्मेवाल्याला रडू यायचं बाकी होतं. तीन वर्षं! बायकोने त्याचा काळा हात टेबलाखाली घट्ट धरला.

बाईंनी चष्मा पुन्हा चढवला आणि निघण्यासाठी वळल्या. वळता वळता थांबल्या. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्यांना आपल्या या खोल्या स्पष्ट दिसत होत्या.

"या भिंतीत खिळे कुणी ठोकले? एक, दोन... नऊ! आणि हा बेसिनला तडा कधी गेला? दाराचा रंग असा नव्हता. ते छताला काय लागलंय, धूर? हे बघा, उद्यापासून रोज सकाळी आठ वाजता मी अक्रोड बघायला येणार. येता येता हेही बघत जाईन."

काठीचा आवाज अंगणापर्यंत ऐकू येत होता. मधे तो दोनदा थांबला, कारण वाटेत बाईंना आणखी काहीतरी दिसलं होतं. चष्मेवाला दारात उभा राहून ऐकत होता.

बायको त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"पुढच्या वेळी," ती हळूच म्हणाली, "नंबर जरा कमीच द्या."