पट्टकृमी आणि पैजेची मिशी

"उद्या पाहुण्यांसमोर औषध घातलेल्या बशीतला एक जरी जंत वळवळला ना, तर मी ही मिशी काढून टाकीन!"

शंकासुरानं हे वाक्य अख्ख्या प्रयोगशाळेला ऐकू जाईल अशा आवाजात ठोकलं आणि वर मिशीला पीळही दिला. शंकासुर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण चहात साखर जास्त पडली तरी 'यामागे कोण आहे?' असा प्रश्न ज्याला पडतो, त्याला दुसरं काय म्हणणार?

त्याचं सारं आयुष्य पट्टकृमींना वाहिलेलं. पट्टकृमी म्हणजे दुसऱ्याच्या आतड्यात फुकट बिऱ्हाड थाटणारा, फितीसारखा जंत. त्याला ना तोंड, ना पोट, सगळं अंगानंच शोषून घेतो. सेरोटोनिन नावाचं रसायन मिळालं की त्याची वळवळ सुरू. या सेरोटोनिनची किल्ली ज्या कुलपांना लागते, त्यांना रिसेप्टर म्हणतात. तशी कुलपं माणसातही असतात, पण जंताच्या कुलपाची घडण जरा निराळी. माणसाच्या कुलपाला धक्का न लावता जंताच्या तेवढ्या कुलपात अडकून बसेल असं औषध शंकासुरानं शोधलं होतं. निदान त्याला तसं वाटत होतं. उद्या पाहुणे म्हणून येणाऱ्या समितीला पटलं तर काम पुढे चालणार, नाही तर प्रकल्पाला कायमचं टाळं.

एवढं मोठं काम म्हटल्यावर वैरी असणारच! तो वैरी शेजारच्या टेबलावर बसायचा, किंवा बसायची. गोडबोली! सदा हसतमुख, कुणाला कधी वाकडा शब्द नाही. शंकासुराच्या लेखी हाच भक्कम पुरावा.

"माणूस उगीच इतकं गोड बोलत नाही!" तो बायकोला सांगायचा.

"हो का? म्हणून तुम्ही माझ्याशी कधी बोलत नाही वाटतं," बायको म्हणायची.

तर त्या दिवशी शंकासुर कोटाला इस्त्री करून आणायला लवकर निघाला. जाताना त्यानं स्वतःच्या मिशीचा एक केस उपटला (डोळ्यांत पाणी आलं, पण विज्ञानासाठी माणूस काय सोसत नाही!) आणि जंतांच्या ऊबपेटीच्या दाराला थुंकी लावून चिकटवला. दार कुणी उघडलं की केस पडणार आणि चोर सापडणार!

सकाळी येऊन बघतो तर केस गायब!

त्यानं झटक्यात दार उघडलं. जंत एरवी ज्या गुलाबी पोषक पाण्यात असायचे, ते पाणीही गायब. दोन्ही बशांत नुसतं नितळ खारं पाणी, आणि जंत मेल्यासारखे निपचित पडलेले.

"उपाशी मारले! माझ्या लेकरांना उपाशी मारलं!"

इतक्यात गोडबोली आली. "सर, काल तुम्ही गेल्यावर ना, मोठ्या बाईंनी मला..."

"मला सगळं माहीत आहे!"

"हो? मग बरं झालं. पाहुणे लवकर येताहेत म्हणून मी..."

"एक शब्द बोलू नका, मॅडम!"

ती हसली. हसली! शंकासुराच्या अंगाचा तिळपापड झाला. ती वळताच त्यानं फ्रिजमधून वासराच्या रक्ताचं सीरम काढलं, जंतांचं सगळ्यात पौष्टिक खाणं, आणि दोन्ही बशांत सढळ हातानं ओतलं. खा रे बाळांनो, पोटभर खा. जंतांना पोट नसतं हे तो त्या घाईत विसरला. आणखीही एक गोष्ट विसरला, पण ती पुढे येईलच.

पाहुणे आले. विभागाच्या मोठ्या बाई पुढे, समितीचे दोन गंभीर चेहरे मागे. शंकासुरानं न बघताच ऐटीत एका बशीत औषध सोडलं आणि खाकरला.

"आता पडद्यावर बघा. सेरोटोनिन घालण्याआधी दोन्ही बशांतले जंत अगदी शांत..."

पडदा उजळला. दोन्ही बशांतले जंत शाळा सुटल्यासारखे उधळले होते! औषधाच्या बशीतले तर जरा जास्तच.

"हेच का ते शांत?" एका पाहुण्यानं विचारलं.

शंकासुराचा तोल गेला. "घातपात! यात कुणीतरी आधीच सेरोटोनिन घातलंय! काल पेटी उघडली गेली होती, माझ्याकडे पुरावा आहे!"

"कसला पुरावा?" मोठ्या बाई म्हणाल्या.

"केस! माझ्या मिशीचा!"

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"काल पेटी मी उघडली," गोडबोली शांतपणे म्हणाली. "बाईंनीच सांगितलं होतं, जंत धुऊन खाऱ्या पाण्यात ठेवायला. मी दुसरं काहीच घातलं नाही."

"खोटं! साफ खोटं! मग आज सकाळी मी स्वतः सीरम घातलं तेव्हा..."

आणि शंकासुर थांबला. त्याची नजर फ्रिजकडे गेली.

"सीरममध्ये सेरोटोनिन असतं ना हो?" दुसऱ्या पाहुण्यानं विचारलं.

"असतं की. ते आधीच कुलपात जाऊन बसलं, की मग औषधाला जागाच उरत नाही," गोडबोली म्हणाली. "प्रयोगाआधी सीरमला हात लावायचा नाही, हे तर सर आम्हाला उठता-बसता बजावतात."

शंकासुराला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. इतक्या वर्षांचा घाम त्यानं स्वतःच्या हातानं बशीत बुडवला होता. तो खरोखर रडायच्या बेताला आला.

तेवढ्यात गोडबोलीनं तिच्या स्वतःच्या पेटीतून दोन झाकलेल्या बशा आणल्या. तसेच धुतलेले, तसेच निपचित जंत. तिनं सगळ्यांसमोर एका बशीत औषध घातलं, मग दोन्हींत सेरोटोनिन. साध्या बशीत धिंगाणा सुरू झाला. औषधाच्या बशीत जंत ढिम्म हलेनात!

पाहुणे माना डोलावत पडद्याकडे सरकले. मोठ्या बाई हसल्या. प्रकल्प वाचला!

"मॅडम, ह्या जादा बशा कशासाठी ठेवल्या होत्या?" शंकासुरानं हळूच विचारलं.

"सकाळी तुमचा अवतार बघितला, सर," ती गोड आवाजात म्हणाली. "तुम्ही काहीतरी ओताल अशी शंका आली."

पैज मात्र कुणी विसरलं नव्हतं. "मॅडमच्या औषधाच्या बशीतले हलले नाहीत!" असा युक्तिवाद त्यानं करून पाहिला. "तुमच्या बशीतले हलले," मोठ्या बाईंनी निकाल दिला.

संध्याकाळी शंकासुर गुळगुळीत तोंडानं घरी पोचला. बायकोनं दार उघडलं आणि त्याला आपादमस्तक न्याहाळलं. इस्त्रीचा कोट, मिशी नाही.

"लग्न झाल्यापासून सांगतेय मिशी काढा म्हणून, तेव्हा नाही काढलीत," ती म्हणाली. "आज कुणासाठी?"

"अगं, जंतांसाठी!"

बायको दारातून जराही हलली नाही. "खरं नाव सांगा तिचं."