बोंबलाची धार

प्रथिनांच्या वर्गवारीत अख्ख्या परळात माझा हात धरणारा कुणी नाही, असं मी परवापर्यंत छाती काढून सांगत होतो. काम तसं सोपं. शरीरातल्या प्रत्येक प्रथिनाला काही ना काही नोकरी असते. ती शोधायची आणि त्याला चिठ्ठी चिकटवायची. या चिठ्ठ्यांची वंशावळ असते. एक चिठ्ठी लावली, की तिचे बाप, आजोबा, पणजोबा आपोआप येऊन चिकटतात!

आमच्या प्रयोगशाळेतली इरावती बोंबलावर पीएचडी करतेय. तिच्या प्रथिनांना चिठ्ठ्या लावायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं. नव्या प्रथिनाचा तोंडवळा एखाद्या जुन्याशी जुळला, की जुन्याची चिठ्ठी नव्याला. जुळवतो कॉम्प्युटर, माणसानं फक्त नजर टाकायची.

"हेरंबदादा, सगळं नजरेखालून घातलंस ना? व्हायवा आहे रे माझी!"

"अगं, मी झोपेत केलं तरी चुकायचं नाही!"

केलंही साधारण तसंच होतं.

व्हायवाला बाहेरच्या परीक्षक म्हणून दुर्गा मॅडम आल्या. तिसऱ्याच स्लाइडला त्यांनी चष्मा पुसला.

"इरावती, बोंबील दूध देतो?"

एक प्रथिन गाईच्या दुधातल्या प्रथिनासारखं दिसलं होतं आणि मी त्याची चिठ्ठी तशीच राहू दिली होती! पुढच्या स्लाइडवर तर सगळं खानदान हजर: दुग्धस्राव, स्तनग्रंथींचं काम, पिल्लांचं पोषण...

"मी शीव कोळीवाड्यातली गं. आम्ही बोंबील वाळत घालतो, त्याची धार नाही काढत!"

हॉल फुटला हसून. इरावतीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती माझ्याकडे बघत होती आणि मी शूरवीर खाली वाकून बुटाची नाडी बांधत होतो. पायात चपला होत्या!

"चूक माझीच, मॅडम," ती म्हणाली. "मी तपासायला हवं होतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उठलो.

"मॅडम, चिठ्ठ्या मी लावल्यात. हिचा काही दोष नाही. आणि सगळेच बोंबील नाही हो... फक्त मादी!"

हे शेवटचं वाक्य तोंडातून का गेलं, देव जाणे! हसून हसून दुर्गा मॅडमनी टेबल धरलं आणि इरावतीला सगळं नव्यानं तपासून परत यायला सांगितलं.

बाहेर मी तोंड पाडून उभा राहिलो. तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिनं शांतपणे मोबाइल काढला.

"दादा, अजून कुणाकुणाचं काम आहे तुझ्याकडे? नावं सांग. बिचाऱ्यांना वेळेत कळलेलं बरं!"