धोबिणीची मालवणी

लालबागच्या आमच्या चाळीतल्या गावडेमास्तरांना इंग्रजी कादंबरीत चुकीचं इंग्रजी सापडलं की लॉटरी लागल्यासारखा आनंद व्हायचा. हातातली बादली नळाखाली तशीच वाहू देत ते मला सांगायचे, "हा हमाल बघा काय म्हणतो, 'आय एन्ट डन नथिंग!' दोनदा नकार. अशुद्ध आहे, कबूल. पण पोलिसानं मानगूट धरल्यावर माणूस व्याकरण बघतो काय हो?"

मागे रांग खोळंबलेली. कुणी ओरडलंच, तरी आपल्याच नादात म्हणायचे, "शुद्ध, शुद्ध! भाषा म्हणजे काय तूप आहे?"

हे खूळ त्यांची बायको आनंदीबाई गेल्यानंतरचं. त्याआधी वर्गात एखादा पोरगा 'मला'ऐवजी 'माका' म्हणाला तरी मास्तर त्याला बाकावर उभं करत.

दोन वर्षं खपून त्यांनी एक कादंबरी मराठीत आणली. त्यातली लंडनची म्हातारी धोबीण चक्क मालवणी बोलायची. मी गिरगावात एका छापखान्यात मुद्रितं तपासायचो, म्हणून बाड मीच मालकांकडे नेलं. त्यांच्या हुकमावरून पहिली वीस पानं लाल शाईनं शुद्धही मीच केली. नोकरी होती.

छापखान्यात मालकांसमोर बसून मास्तरांनी पानं उलटली. माझं अक्षर त्यांनी ओळखलं.

मालक म्हणाले, "अहो, मराठी राज्यासाठी लोक लाठ्या खातायत आणि आपण ही असली मराठी छापायची?"

खालून मोर्चा चालला होता. मास्तर म्हणाले, "ते घरी काय बोलतात, विचारून या."

त्यांनी बाड बांधलं. लालबागपर्यंत आम्ही चालत आलो. वाटेत बाड त्यांनी मला धरू दिलं नाही.

महिन्याभरानं एका रविवारी दुपारी ते आमच्या दारात उभे राहिले. माझ्याशी नाही, आईशी बोलायला. आई मालवणची.

"वहिनी, गोष्टीतल्या धोबिणीचा मुलगा बोटीवर निघालाय. आई त्याला रडू नको म्हणते. कसं म्हणेल?"

"आता हे कोण छापणार, मास्तर?" मी विचारलं.

"कोणी नाही," ते म्हणाले.

आई तांदूळ निवडता निवडता थांबली. "रडा नको रे झिला."

मास्तरांनी ते लिहून घेतलं.

"पण ह्यां माका कित्याक इचारतास?" आई म्हणाली. "आनंदी आमच्याच गावची. घरात ती असांच बोलत असतली मां?"

मास्तर कागदाची घडी घालत राहिले.

"पहिल्या वर्षी बोलायची," ते म्हणाले. "मी दर वाक्याला चूक काढायचो. मग ती गप्पच झाली. एकवीस वर्षं."